क्षयरोगाचा संशोधक नेमताना: पुण्यातल्या एका विद्यापीठातलं प्रकरण

पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाने आपल्या जीवशास्त्र विभागात क्षयरोग आणि संसर्गजन्य रोग या विषयासाठी सहयोगी प्राध्यापकाचं एक पद मंजूर केलं. त्या पदाची जाहिरात दोनदा काढावी लागली. पहिल्या खेपेला निवड झाली, नेमणूकपत्र गेलं, पण निवडलेला उमेदवार रुजू झाला नाही. दुसऱ्या खेपेच्या शोध समितीवर बाहेरचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून मला घेतलं होतं. संस्थेची आणि माणसांची ओळख पटणार नाही अशा बेताने ते सगळं इथे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच की प्राध्यापक नेमताना आपण माणसाची पात्रता बारकाईने मोजतो, पण ज्या रोगावर त्याने काम करायचं त्या रोगाला काय लागतं हे आधी पाहत नाही. क्षयरोगात हे दुर्लक्ष फार लवकर अंगाशी येतं.

पहिली जाहिरात

खरं तर पुण्यात या विषयाला माणूस मिळणं अवघड जाऊ नये. राष्ट्रीय विषाणू संस्था इथे १९५२ पासून आहे, भोसरीची एड्स संशोधन संस्था १९९२ पासून. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि आयसर ही विज्ञानसंस्था, सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालय, औंधचं उरो रुग्णालय, हडपसरला लसी बनवणारी सीरम. इथे शिकून बाहेर गेलेल्या मुलांपैकी बरेच जण परत यायलाही तयार असतात. विभागाकडे अर्ज भरपूर आले होते.

जाहिरात नेहमीच्या साच्यातली होती. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकाला पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव, किमान सात शोधनिबंध आणि संशोधनाचे ७५ गुण लागतात. ते सगळं छापून खाली एक ओळ घातली होती: क्षयरोग क्षेत्रातील अनुभवास प्राधान्य. प्रयोगशाळा कोणती, रुग्णांचे नमुने कुठून येणार, हाताशी टेक्निशियन असेल का, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

निवडलेले गृहस्थ उत्तम होते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर त्यांचं बरंच काम होतं. नेमणूकपत्र हातात पडल्यावर ते विभाग पाहायला आले. त्यांना नवी कोरी प्रयोगशाळा दाखवली गेली, पीसीआरची यंत्रं, उणे ८० अंशांचे फ्रीजर. त्यांनी विचारलं, बीएसएल-३, म्हणजे जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीची प्रयोगशाळा, कुठे आहे? उत्तर मिळालं, प्रस्ताव दिलेला आहे, होईल. परत गेल्यावर त्यांनी नम्रपणे कळवलं की सध्याच्या सोयींत मला माझं काम करता येणार नाही. विभागात मात्र चर्चा झाली ती पगाराची. लेव्हल १३ए या वेतनश्रेणीला १,३१,४०० रुपये मूळ वेतन, त्यात परदेशातून आलेला माणूस कसा टिकेल वगैरे. त्यांच्या पत्रात पगाराचा उल्लेखसुद्धा नव्हता.

बीएसएल-३ हा प्रतिष्ठेचा विषय नाही, हे व्यवस्थापनाला समजावण्यात आमची पहिली बैठक गेली. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. रुग्णाच्या थुंकीत तो असतोच, पण प्रयोगशाळेत कल्चर वाढवलं, म्हणजे नमुन्यातला जंतू माध्यमावर वाढवला, की एका नळीत तो कोट्यवधींनी असतो, आणि नळीचं झाकण उघडताना, पिपेट वापरताना किंवा सेंट्रिफ्यूजच्या फिरत्या यंत्रात नळी फुटली तर त्याचे सूक्ष्म तुषार हवेत जातात. म्हणून खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवायचा, हवा आत येत राहील पण तशीच बाहेर जाणार नाही अशी रचना करायची, आणि बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून सोडायची. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवेल असा तो फिल्टर असतो. वीज गेली की दाबाचं गणित बिघडतं, म्हणून यूपीएस आणि जनरेटर आले. ही खोली बांधणं एकदाचं होतं, ती चालवणं रोजचं असतं. वित्त अधिकाऱ्यांना धसका होता तो या रोजच्या खर्चाचा, आणि तो रास्तच होता.

एका सदस्यांनी सुचवलं की बीएसएल-३ टाळून स्मेग्मॅटिसवर काम करणारा माणूस घेऊ. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद. तीन-चार तासांत दुप्पट होतो, साध्या प्रयोगशाळेत वाढतो, आणि त्याच्यावर देशात चांगलं कामही झालेलं आहे. पण क्षयाच्या उपचारातलं पायराझिनामाइड त्याच्यावर मुळातच चालत नाही. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत रुग्ण घेतो त्या चार औषधांपैकी एकाबद्दल हा जंतू आपल्याला थेट काहीच शिकवत नाही. मूलभूत जीवशास्त्राचं पद असतं तर मी हा पर्याय आनंदाने मान्य केला असता. पदाच्या नावात क्षयरोग असेल तर त्या माणसाला कधी ना कधी खऱ्या जंतूपाशी जावंच लागणार.

तोडगा निघाला तो शहरातूनच. एका राष्ट्रीय संस्थेची बीएसएल-३ सुविधा चालू होती आणि आठवड्यातले काही दिवस ती रिकामी असायची. शुल्क भरून, ठरलेल्या दिवशी, त्यांच्या नियमांखाली वापरायची परवानगी मिळू शकत होती. करार व्हायला वेळ लागला. जबाबदारी कोणाची, कर्मचाऱ्याला संसर्ग झाला तर उपचार कोणी करायचे, बौद्धिक संपदा कोणाची, यावर दोन्हीकडचे वकील बराच काळ पत्रं लिहीत राहिले. पण आमचा आग्रह होता की करारावर सही होईपर्यंत दुसरी जाहिरात निघणार नाही. विभागप्रमुखांना हा उशीर जड गेला, कारण मंजूर पद रिकामं राहिलं की ते दुसरीकडे वळवलं जातं. तरी ते ठाम राहिले. पुढचं सगळं त्यामुळेच जमलं, असं मी मानतो.

पगार कुठून

व्यवस्थापनाचा दुसरा प्रस्ताव असा होता की हे पद कंत्राटी ठेवावं आणि प्राध्यापकाने स्वतःच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधन-अनुदानातून, आपला पगार काढावा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत संशोधक प्राध्यापकांची अशी पदं असतात, आपल्याकडेही खासगी संस्थांना ती कल्पना आवडू लागली आहे. संस्थेवर बोजा नाही, आणि माणूस चांगला असेल तर ग्रँट आणेलच, असा त्यामागचा विचार.

इथे मात्र जंतूचा वेग आडवा येतो. ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला साधारण वीस तास लागतात. घन माध्यमावर वसाहत दिसायला तीन ते आठ आठवडे. द्रव माध्यमाच्या यंत्रातसुद्धा नमुना निगेटिव्ह म्हणण्याआधी ४२ दिवस थांबतात. एक प्रयोग तीनदा करून पाहायचा म्हटला तर निम्मं वर्ष जातं, आणि तेही काही बिघडलं नाही तर. आता ग्रँट साधारण तीन वर्षांची असते. रुग्णांचे नमुने घ्यायचे म्हणजे एथिक्स कमिटी, रुग्णालयाशी करार, जैवसुरक्षा समिती, क्षयरोग कार्यक्रमाची परवानगी. पहिलं वर्ष यातच संपतं. उरलेल्या दोन वर्षांत या जंतूकडून निकाल काढून पुढची ग्रँट मिळवायची, आणि नाही मिळाली तर घरचा हप्ता थकणार, अशा स्थितीत शहाणा माणूस काय करेल? विषय बदलेल. महिन्याभरात आकडे देणारं काहीतरी हाती घेईल. त्याला दोष देता येणार नाही.

हा रोग पहिल्यापासून असाच आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने जंतू दाखवला २४ मार्च १८८२ ला. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये इथे पुण्यात क्षयानेच गेल्या. जंतू माहीत होऊन तेव्हा पाच वर्षं होत आली होती, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. बैठकीत हे मी बोललो तेव्हा कुलगुरूंनी वित्त अधिकाऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग पाच वर्षं पगार आपल्याकडून. ग्रँट प्रकल्पासाठी." ठरावात तसंच लिहिलं गेलं, आणि एक कायम टेक्निशियनचं पद 'विचाराधीन' असंही.

गुणांचा तक्ता

यूजीसीच्या तक्त्यात एका निबंधाचे दोनापेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के गुण मिळतात आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. ज्या विषयात एक-दोन माणसं मिळून निबंध लिहितात तिथे हे चालून जातं. क्षयरोगाचं महत्त्वाचं काम असं होत नाही. झारखंडमधली रेशन्स नावाची चाचणी घ्या. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये ती सुरू झाली, रुग्णांच्या घरच्या १०,३४५ माणसांचा तिच्यात समावेश होता, आणि पोषक शिध्यामुळे घरच्यांमधला क्षयरोग सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. चार वर्षं, शेकडो गावं, आणि मुख्य निष्कर्ष एका निबंधात. अशा कामात ज्याने नमुन्यांची साखळी उभी केली किंवा आकडेवारी सांभाळली त्याचं नाव मध्ये कुठेतरी असतं. त्याच्या वाट्याला ३० टक्के. तेवढ्याच काळात संगणकावर रेणू जुळवून बघणारा माणूस आठ-दहा निबंध काढू शकतो, सगळ्यांत पहिलं नाव.

संगणकावरच्या कामाला मी कमी लेखत नाही. नवी औषधं त्या वाटेनेही येतील. पण दोन कामांना एकच तराजू लावला तर एकाला कायम झुकतं माप मिळतं, एवढं खरं.

नियम मोडता येत नव्हते आणि मोडायचेही नव्हते. म्हणून ७५ गुण हा फक्त उंबरठा ठेवला. तो ओलांडला की गुण बाजूला. प्रत्येक उमेदवाराकडून आपल्या मते सर्वांत चांगली तीन कामं मागवली आणि प्रत्येकासोबत पानभर टिपण: यात मी स्वतः हाताने काय केलं. या टिपणांनी छाननी फार सोपी केली. ज्यांनी खरोखर केलं होतं त्यांच्या टिपणात बिघडलेल्या कल्चरचा, वाया गेलेल्या बॅचचा उल्लेख होता. इतरांची टिपणं निबंधाच्या सारांशासारखी गुळगुळीत होती.

एक अर्ज मात्र नियमानेच बाद झाला, आणि त्याची मला अजून रुखरुख वाटते. एक छातीरोगतज्ज्ञ होते, एमडी, बेडाक्विलिन (औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं औषध) घेणारे रुग्ण वर्षानुवर्षं सांभाळलेले, प्रश्न इतके नेमके की आम्ही सगळे वही काढून बसलो. पण पीएच.डी. नव्हती. विज्ञान शाखेतल्या या पदाला ती लागतेच. त्यांना मानद प्राध्यापक म्हणून जोडून घेतलं आणि पुढे त्यांचा फार उपयोग झाला, तरी पद त्यांना देता आलं नाही.

डिकीतली ट्यूब

मुलाखतीआधी उमेदवार साधारणपणे विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान देतात. आम्ही ते ठेवलं, आणि एक बैठक वाढवली: महापालिकेच्या क्षयरोग विभागातल्या टीबी एचव्ही (घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कर्मचारी), एसटीएस (उपचारांवर देखरेख करणारे पर्यवेक्षक) आणि काही आशाताईंशी तासभर मराठीत गप्पा. पुण्यात कोणीही क्षयरोगावर रुग्णांसोबत काम करणार असेल तर नमुना त्याच्यापर्यंत याच लोकांच्या हातून येणार. कुलसचिवांना हे औपचारिक निवड प्रक्रियेत बसतं का अशी शंका होती. गुण नाहीत, फक्त समितीने निरीक्षण करायचं, या अटीवर ते तयार झाले.

एका एचव्ही ताईंनी पिशवीतून बेडका घ्यायची कोरी फाल्कन ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "पेशंट सकाळी सातला बेडका देतो. मी घरं करत करत सेंटरला पोचेपर्यंत दीड-दोन वाजतात. ट्यूब गाडीच्या डिकीत. एप्रिल-मेमध्ये डिकीला हात लाववत नाही. तुमच्या कामाला असा नमुना चालेल का?"

एका उमेदवाराने सांगितलं की नमुना दोन ते आठ अंशांत राहायला हवा, आम्ही तुम्हाला लेखी सूचना देऊ. शास्त्रीयदृष्ट्या उत्तर बरोबर होतं. ताईंनी मान हलवली आणि ट्यूब पिशवीत ठेवली.

दुसऱ्या उमेदवार बाईंनी आधी उलट विचारलं. एका फेरीत घरं किती होतात? शेवटचं घर कुठल्या भागात? मग म्हणाल्या, "सीबीनॅटला (जंतूची जनुकं शोधणाऱ्या झटपट चाचणीला) कदाचित चालून जाईल ताई, कल्चरला नाही चालणार. तोंडातले दुसरे जंतू वाढून बसतील आणि पेशंटला पुन्हा खोकून द्यायला सांगावं लागेल. पण थंड पेटी आणि ती उचलणारा माणूस माझ्या प्रकल्पाने द्यायचा. तुमच्या फेरीत हे काम घुसवायचं नाही."

"आणि रिपोर्ट?" ताई थांबल्या नाहीत. "मागे एक सर नमुने घेऊन गेले. रिपोर्ट आलाच नाही. पेशंट मला विचारतो, त्या सरांना नाही."

"औषध लागू पडत नाही असं काही निघालं तर त्याच आठवड्यात तुमच्या मेडिकल ऑफिसरना कळवायचं. संमतीपत्रातच लिहू. लिहिलेलं नसेल तर नमुना देऊ नका मला."

त्या खोलीत जे झालं ते कुठल्याही गुणतक्त्यात बसलं नसतं. नमुन्याचा प्रवास, रुग्णाचा हक्क आणि कर्मचाऱ्यावरचा भार, तिन्ही एकाच वेळी डोक्यात असणारा माणूस आमच्यासमोर बसला होता. या विषयात मी बरीच वर्षं आहे, आणि ही जाण शिकवता येते असं मला वाटत नाही. ती फक्त रुग्णालयाच्या ओपीडीत आणि वस्तीत वेळ घालवून येते.

निवड

औपचारिक मुलाखतीत मतभेद झालेच. बाईंचे निबंध आठ होते, त्यातले तीन मधल्या लेखकाचे. स्पर्धेतल्या दुसऱ्या उमेदवाराचे तिप्पट. एका विषयतज्ज्ञांचं म्हणणं होतं की विद्यापीठाला मानांकनासाठी निबंध लागतात आणि ही गरज खोटी नाही. ते बरोबर बोलत होते. पण बाईंनी मांडलेला प्रश्न पुण्याचा होता: मधुमेह असलेल्या क्षयरुग्णांत औषधांची रक्तातली पातळी आणि जंतू नाहीसा होण्याचा वेग. मधुमेहामुळे क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, या शहरात मधुमेह घरोघरी आहे, आणि मधुमेहाच्या संशोधनाची इथे जुनी परंपराही आहे. असा प्रश्न या शहरात सोडवता येतो, रुग्णही इथलेच आणि संस्थाही इथल्याच. शेवटी बहुमत त्यांच्या बाजूने झालं. विरोधी मत इतिवृत्तात नोंदवलं गेलं, ते योग्यच.

रुजू होण्याआधी त्यांनी चार गोष्टी लेखी मागितल्या: बीएसएल-३ च्या कराराची प्रत, सुरुवातीचा निधी, टेक्निशियन, आणि कर्मचाऱ्यांची वेळोवेळी छातीचा एक्स-रे व क्षयसंसर्गाची तपासणी विद्यापीठाच्या खर्चाने. घरी तीन वर्षांचं मूल होतं, सासूबाईंना काळजी होती, त्यामुळे शेवटची मागणी त्या नुसत्या नियमासाठी करत नव्हत्या. नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न पुण्याजवळच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात बदली होऊन सुटला. पुण्याचा हा फायदा आहे आणि जाहिरातीत तो कोणी लिहीत नाही.

विभागाने त्यांच्यासाठी मूल्यमापनाचे निकषही बदलले. पहिली दोन वर्षं निबंध मोजायचे नाहीत. एथिक्सची मंजुरी, रुग्णालयांशी करार, प्रशिक्षित माणसं आणि सुरळीत येणारे नमुने हे पाहायचं. हे कागदावर आलं म्हणून बरं, कारण पहिल्या वार्षिक आढाव्यात निबंधांच्या रकान्यात शून्य होतं आणि त्यावर प्रश्न आलाच. विभागप्रमुखांनी ठराव काढून पुढे ठेवला.

सध्या नमुने येत आहेत. थंड पेट्यांच्या फेऱ्या दोन भागांत चालू आहेत, तिसरा भाग माणसाअभावी अडला आहे. अडचण टेक्निशियनची आहे. कंत्राटावर घेतलेला मुलगा बीएसएल-३ मध्ये तयार झाला आणि एका निदान कंपनीत निघून गेला. तिथे पगार जास्त आणि नोकरी कायम. प्राध्यापक नसेल तर काम सुरू होत नाही, आणि टेक्निशियन नसेल तर सुरू झालेलं काम थांबतं, हे मी आधीच्या बैठकांत सांगत आलो होतो. आता कायम पद मंजूर झालं आहे. जाहिरातीच्या मसुद्यावर वाद आहे तो असा: बीएसएल-३ चा तीन वर्षांचा अनुभव ही अट घालायची, की डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) झालेला होतकरू उमेदवार घेऊन सहा महिने प्रशिक्षण द्यायचं. अनुभवी माणूस लगेच कामाला लागेल, पण असे मोजकेच आहेत आणि त्यांना सगळ्याच संस्था बोलावतात. माझं मत दुसऱ्या पर्यायाला आहे, प्राध्यापक बाईंचंही. आस्थापना विभागाचं उत्तर यायचं आहे.